कोलोनोस्कोपीची सकाळची तयारी: आधी काय तपासायचं?

नवी_टेक्निशियन (मुलुंड)

नमस्कार मंडळी. धागा कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासण्याबद्दल, थोडा तांत्रिक आहे, पण इथे रुग्णालयांत काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मुलुंडला एका छोट्या रुग्णालयात आहे. आत्तापर्यंत ओटीत होते, आता एण्डोस्कोपीला टाकलंय. तिथले सीनियर दादा होते तोवर मी नुसती बाजूला उभी राहून फोर्सेप (तुकडा घ्यायचा लांब चिमटा) द्यायचे. दादांना वाशीला चांगली नोकरी लागली, ते गेले. सोमवारपासून खोली माझ्या ताब्यात. दोन कोलोनोस्कोप, एक गॅस्ट्रोस्कोप (जठराची दुर्बीण), एक टॉवर (पडदा, लाइट आणि प्रोसेसरची गाडी), एक कॉटरी मशीन (करंटने कापायचं). सर ठाण्याहून येतात, त्यांना आठला पहिली केस टेबलवर हवी असते. आले की ग्लोव्ह घालतात आणि हात पुढे करतात, की स्कोप हातात पडला पाहिजे.

दादांनी भिंतीवर यादी चिकटवली आहे: 'प्रोसेसर ऑन, लाइट ऑन, व्हाइट बॅलन्स, सक्शन, पाणी, जेली, फोर्सेप'. पण 'सक्शन' म्हणजे नक्की काय बघायचं? बटण दाबलं, आवाज आला, झालं? चालतंय आणि नीट चालतंय यातला फरक कसा ओळखायचा, ते यादीत नाही.

शिवाय गेल्या आठवड्यात एका स्कोपचं चित्र मधेच धुकट झालं. सरांनी पाणी मारून निभावलं. पाऊस सुरू झाल्यापासून हे जास्त होतंय असं मावशी म्हणतात. आणि सायडेक्सची (स्कोप बुडवायच्या जंतुनाशकाची) ताकद बघायची पट्टी रोज लावायची की नाही यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

जाणकारांनी सांगा. रागावलात तरी चालेल.

परळची_सिस्टर

रागवायचं काय त्यात? विचारलंस हेच बरं केलंस. यादी राहू दे भिंतीवर, फक्त तिच्यावर विसंबू नकोस.

मी परळला पालिकेच्या रुग्णालयात होते, नोकरीची शेवटची वर्षं सगळी एण्डोस्कोपीत गेली. सकाळी बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले असायचे. रात्रभर संडासच्या खेपा घालून गळून गेलेले, पोटात अन्नाचा कण नाही, कोणी कसाऱ्याहून पहिली गाडी पकडून आलेलं. अशा माणसाला टेबलवर आडवं करून, झोपेचं इंजेक्शन देऊन, मग 'सर, जरा थांबा, सक्शन ओढत नाहीये' म्हणायचं? म्हणून माझा हिशोब ठरलेला होता. जे बिघडलं तर स्कोप आत असताना केस अडेल, ते आधी बघायचं. जे कपाटातून काढून देता येईल ते नंतर. जेली, गॉज, ग्लोव्ह हे नंतरचं. सक्शन, हवा, पाणी, चित्र आणि नॉब (टोक वळवायची चाकं) हे आधीचं. आणि हे सगळं पेशंट आत घेण्याआधी.

आता तुझा खरा प्रश्न. नीट चालतंय हे ओळखायला एक स्टीलचा बाऊल घे, स्वच्छ पाण्याने भर. स्कोप टॉवरला जोड, पाण्याची बाटली लाव, सक्शनची नळी लाव, तिन्ही झडपा बसव: हवा-पाण्याची, सक्शनची आणि बायोप्सी चॅनेलवरचं (फोर्सेप आत घालायच्या वाटेवरचं) रबरी टोपण. लाइट सोर्सवरचा हवेचा पंप चालू कर. स्कोपचं टोक बाऊलमध्ये चांगलं वीतभर खाली बुडव आणि हवा-पाण्याच्या बटणावरचं बोट पूर्ण काढ.

बुडबुडे यायला नकोत. हे लोक बघतच नाहीत. सगळे जण बोट ठेवून बुडबुडे आले की खूश होतात. बोट काढल्यावरही बुडबुडे येत राहिले तर झडप गळतेय, किंवा नीट बसलेली नाही. म्हणजे डॉक्टरांनी हवा बंद केली असं त्यांना वाटत असताना आत हवा जातच राहणार, आतडं फुगत जाणार, पेशंट कळवळणार, आणि सगळे म्हणणार पेशंटच घाबरट आहे.

मग बटणावरच्या भोकावर बोट अलगद ठेव. आता टोकाच्या नॉझलमधून बुडबुड्यांची सलग धार आली पाहिजे. तुटक आली तर नॉझल चोंदलंय. मग टोक पाण्याबाहेर काढून बटण पूर्ण दाब. पाण्याची बारीक फवार लेन्सवरून आडवी गेली पाहिजे. समोर उडाली किंवा नुसती थेंबथेंब गळली तर लेन्स धुतली जाणार नाही, आणि तुझ्या धुक्याचं निम्मं कारण तिथेच असू शकतं. बोट सोडलं की फवार तत्क्षणी थांबली पाहिजे.

शेवटी टोक परत पाण्यात आणि सक्शनचं बटण दाब. कान मशीनकडे नको, डोळे बाऊलकडे ठेव. पाणी सरसर खाली गेलं पाहिजे, आणि बटण सोडलं की ओढणं थांबलं पाहिजे. ओढ मंद वाटली तर पहिल्यांदा बायोप्सीचं रबरी टोपण बघ. ते उघडं राहिलं असेल किंवा फोर्सेप घालून घालून त्याची चीर सैल झाली असेल तर सक्शन तिथूनच हवा ओढतं. एवढं साधं असतं, आणि माणसं बरणी बदलतात, नळी बदलतात, वायरमनला बोलावतात.

हे सगळं चहा उकळेस्तोवर होतं.

पाण्याची बाटली. पाणी निर्जंतुक, रोज नवं, बाटली दोन तृतीयांशच भरायची. काठोकाठ भरलीस तर हवेच्या नळीतून पाणी येतं. बाटली आणि टोपण रोज निर्जंतुक व्हायला हवं. कालचं उरलेलं पाणी ओतून टाक. आणि फेस मोडायला त्या बाटलीत सिमेथिकोनचे थेंब टाकायची सवय कोणाला असेल तर मोडून काढ. ते धुतल्यावरही चॅनेलच्या आत चिकटून राहतं. द्यायचंच असेल तर पातळ करून सिरिंजने बायोप्सी चॅनेलमधून.

तुझ्या कोलोनोस्कोपला वॉटर जेटचं वेगळं छोटं तोंड असेल तर तो चॅनेलही पाणी सोडून बघ. आणि एक कायम लक्षात ठेव: जेट दिवसभर वापरला नाही तरी तो चॅनेल प्रत्येक वेळी धुवायचाच. टोकाकडून घाण त्यातही शिरते.

आता स्कोप हातात घे. नळी डाव्या हाताच्या बोटांच्या चिमटीतून पूर्ण लांबीभर सरकव, डोळे मिटून सरकवलीस तरी चालेल. खड्डा, फुगवटा, सोललेली जागा बोटांना आधी कळते. टोकाजवळचा वाकणारा भाग काळ्या पातळ रबरात असतो, त्याला भोक पडायला वेळ लागत नाही. मग दोन्ही नॉबचे ब्रेक सोड आणि टोक चारही दिशांना पूर्ण वळव. वर-खाली साधारण १८० अंश, डावी-उजवीकडे १६० अंशांच्या आसपास. नॉब फिरतोय आणि टोक उशिरा हलतंय, असं झालं तर आतल्या तारा सैल झाल्यात. लगेच स्कोप बाद होत नाही, पण सरांच्या कानावर घाल. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत, पोचायला त्यांना तो कोन लागतो. कडकपणाची रिंग असलेला स्कोप असेल तर ती शेवटी सगळ्यात मऊवर आणून ठेव. आधीच्या केसला कोणी कडक केलेली असते आणि तशीच राहते.

व्हाइट बॅलन्स पांढऱ्या गॉजवर किंवा त्याच्या पांढऱ्या टोपीत कर. पिवळट पडलेल्या टॉवेलवर करू नकोस, नाहीतर दिवसभर सगळ्यांची आतडी निळसर दिसतील. फोटो फ्रीझ होतो का, साठतो का, आणि पडद्यावर कालच्या पेशंटचं नाव तर नाही ना, तेही बघ.

धुक्याबद्दल एवढंच. बाहेरून पुसल्यावर गेलं तर चिंता नाही, बऱ्याचदा जेलीच असते. जेली नळीला लावायची, टोकाच्या काचेला नाही. पण पुसूनही तसंच राहिलं, कडेला थेंबासारखं दिसायला लागलं, तर पाणी आत शिरलंय. तो स्कोप बाजूला काढ, टॉवरला जोडू नकोस. पुढचं दुरुस्तीवाले सांगतील.

बाकी टेबलाभोवतीचं. सक्शन दोन पाहिजेत. एक स्कोपला, एक पेशंटच्या तोंडासाठी, डोक्याशी, चालू करून पाहिलेलं. स्कोपचं काढून तोंडाला लावू, हा विचार ऐन वेळी उपयोगाचा नाही. ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी), बोटाचा ऑक्सिमीटर. झोपेचं मिडाझोलाम काढता त्याच ट्रेमध्ये त्याचा उतारा फ्लुमाझेनिल, फेंटानिल वापरत असाल तर त्याचा उतारा नॅलोक्सोनही, तारखा बघून. बोटाला गडद नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असेल तर ऑक्सिमीटर वाकडं दाखवतो, दुसरं बोट किंवा कान बघ.

आज एवढंच. नातवाला शाळेतून आणायचंय.

स्कोप_दुरुस्ती

परळच्या सिस्टरांना +१. मी स्कोप दुरुस्त करतो, अंधेरीला. धुक्याचं माझ्याकडून घ्या.

पावसाचा संबंध आहे, पण मावशी समजतात तसा नाही. हवेतला दमटपणा बंद स्कोपच्या आत शिरत नाही. आत शिरतं ते धुताना, भोकातून. पावसाळ्यात होतं काय, तर चॅनेल वाळत नाहीत. संध्याकाळी शेवटची केस संपली, मावशींना गाडी पकडायची असते, स्कोप पुसला आणि कपाटात टांगला. मुंबईच्या जुलैत तो सकाळपर्यंत आतून ओलाच. ओल्या चॅनेलमध्ये रात्रभरात जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट थर बसला की ब्रशलाही दाद देत नाही. धुऊन झाल्यावर चॅनेलमधून ७० टक्के अल्कोहोल सोडा आणि मग कोरडी, फिल्टर केलेली हवा भरपूर मारा, टोकातून शिंतोडा येईनासा होईपर्यंत. झडपा काढून, सरळ लटकवून ठेवा. ज्या सुटकेसमध्ये स्कोप कंपनीकडून आला ती वाहतुकीसाठी आहे. मी त्यात रोज स्कोप ठेवणारे दवाखाने पाहिलेत, आतल्या स्पंजचा वास यायला लागलेला असतो.

भोक आहे की नाही ते लीक टेस्ट सांगते. ती प्रत्येक केसनंतर, ब्रश मारायच्या आणि बुडवायच्या आधी. शनिवारी एकदा, असं नाही. टेस्टर कोरडा असला पाहिजे, जोडायचं तोंडही कोरडं. हवा भरली की टोकाजवळचं रबर किंचित फुगतं. ते फुगलं नाही तर हवा पोचतच नाहीये, मग तुम्ही पाण्यात कितीही वेळ बघा, पासच दिसणार. फुगलं की पाण्यात बुडवा आणि नॉब चारही दिशांना फिरवत किमान अर्धा मिनिट बघा. भोक सरळ स्थितीत मिटलेलं असतं, वळवल्यावर उघडतं. सुरुवातीला इकडेतिकडे चिकटलेले बुडबुडे सुटतात, ते सोडून द्या. एकाच जागेवरून माळ लागली की लीक. मग पाण्यातून बाहेर काढायचा, हवा सोडायची, रबर बसलं की मगच टेस्टर काढायचा. पाण्याखाली टेस्टर काढलात तर तुम्हीच आत पाणी भरलंत.

जुन्या मॉडेलना व्हिडिओ कनेक्टरवर वॉटरप्रूफ टोपी लागते. ती न लावता बुडवलेले स्कोप माझ्याकडे येतात, आणि बिल लाखात जातं. उलट गॅस स्टरलायझेशनची, म्हणजे ईटीओची टोपी असते, ती बुडवताना काढलेली असली पाहिजे. ती लावून बुडवलं तर पाणी सरळ आत. दोन्ही टोप्यांना वेगवेगळ्या रंगाची रिबीन बांधा.

चॅनेलला भोकं कोण पाडतं? सुई. इंजेक्शन निडल आत ओढलेली नसताना घातली की झालं. दुसरं, टोक पूर्ण वळलेलं असताना फोर्सेप पुढे जात नाही म्हणून दाबणं. अडलं की डॉक्टरांना म्हणायचं, 'सर, थोडं सरळ करा'. ज्युनियर मुलं हे म्हणायला बिचकतात. मला विचाराल तर सरांची नाराजी स्वस्त पडते.

डोंबिवलीचा_भाऊ

माफ करा, पण एवढं सगळं रोज कोण करतं? आमच्या सेंटरला सकाळच्या बॅचला आठ-दहा केसेस. सायडेक्स १४ दिवस चालतं असं डब्यावरच लिहिलंय. रोज पट्टी लावून पैसे घालवायचे कशाला? तक्रार तर कोणाची आलेली नाही.

परळची_सिस्टर

भाऊ, तक्रार कशी येईल? पेशंटला महिन्यांनी कावीळ झाली तर तो तुमच्या स्कोपकडे बोट दाखवायला येत नाही, त्याला तसा संशयही येत नाही.

१४ दिवस ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. सायडेक्समधलं ओपीए नावाचं द्रावण घेतलं तर नवं असताना ते ०.५५ टक्के असतं आणि ०.३ टक्क्यांच्या खाली गेलं की टाकायचं. प्रत्येक स्कोप धुतल्यावरचं पाणी घेऊन त्यात उतरतो, द्रावण पातळ होत जातं. दिवसाला दहा केसेस असतील तर ते चौदाव्या दिवसाची वाट बघत नाही. पट्टी प्रत्येक वापराआधी लावायची, आणि पट्ट्यांच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहायची, कारण उघडल्यावर पट्ट्याही जुन्या होतात. बाटली उघडीच ठेवलीत तर त्या आपल्या दमट हवेत खराब होतात आणि मग काहीही सांगतात.

वेळ डब्यावरची पाळा. आमच्याकडे ओपीएला हाताने धुताना १२ मिनिटं, द्रावण किमान २० अंशांवर. आता मला सांगा, तुमच्या खोलीत एसी कितीवर असतो? १८ वर ठेवून तिथेच टब ठेवलात तर द्रावण थंड पडतं आणि १२ मिनिटांचा अर्थ उरत नाही. टबात थर्मामीटर टाका. नंतर भरपूर ताज्या पाण्याने तीन वेळा धुवा, चॅनेलसकट. ओपीए राहिलं तर हाताला करडे डाग पडतात ते आपल्याला माहीत आहेत, आतड्याच्या अस्तराचंही काही बरं होत नाही.

आणि पट्टी बरोबर आली म्हणून ब्रश चुकवायचा नाही. घाण तशीच असेल तर कोणतंही द्रावण तिच्या खालपर्यंत पोचत नाही. केस संपल्या संपल्या, टेबलापाशीच, नळी एन्झाइमच्या पाण्याच्या गॉजने पुसायची आणि तेच पाणी सक्शनने ओढायचं. वाळू दिलंत की संपलं.

बोरिवलीचा_पेशंट

मी चुकून या धाग्यावर आलो. गुरुवारी माझी कोलोनोस्कोपी आहे. हे वाचून झोप उडाली. औषध मात्र प्यायचं की नाही यावर घरी वाद चाललाय, बायको म्हणते अर्धं पुरे.

परळची_सिस्टर

काका, झोप उडवून घेऊ नका. अर्धं पुरे म्हणणं ही वहिनींची चूक आहे. औषध पूर्ण प्यायचं. पेगलेकसारखी पोट साफ करायची पुडी असेल तर ती दोन लिटर पाण्यात सांगितल्याप्रमाणे, आणि डॉक्टरांनी दोन हप्त्यांत सांगितलं असेल तर तसंच, दुसरा हप्ता पहाटे उठून. शेवटी पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडलं पाहिजे. आजपासून पालेभाजी, पेरू, टोमॅटोच्या साली, तीळ आणि इसबगोल बंद. लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तरी विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हे धाग्याला सोडून नाही बरं का. कोलोनोस्कोपचा चॅनेल जेमतेम पावणेचार मिलिमीटरचा. पेरूच्या चार बिया त्यात अडकल्या की सक्शन गेलं. टेक्निशियनने कितीही बाऊलमध्ये तपासलेलं असू दे.

नवी_टेक्निशियन

सगळ्यांचे आभार. मी वहीत उतरवून घेतलंय. बाऊलचं आजच करून पाहिलं, एका स्कोपला बोट काढल्यावरही बुडबुडे येतायत. दुसऱ्या स्कोपची झडप त्याला लावली तर थांबले. म्हणजे झडपच ना?

अजून दोन विचारायचंय. कॉटरीचं मी ओटीत केलंय, पण इथे वेगळं काही असतं का? आणि बायोप्सीच्या बाटल्या सर ऐन वेळी मागतात, कधी फॉर्मालिनची, कधी 'साधी दे' म्हणतात. साधी का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

परळची_सिस्टर

झडपच. नवी मागव, तोवर त्या स्कोपला दुसरीच वापर.

'साधी' म्हणजे नॉर्मल सलाइनची, फॉर्मालिन नसलेली. हे नीट समजून घे, कारण मुंबईत हे वरचेवर लागतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, त्या इलिओसीकल भागात व्रण दिसले की डॉक्टरांपुढे दोन शक्यता उभ्या राहतात, टीबी की क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार). दोन्ही दिसायला सारखे, उपचार मात्र उलटे. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर पेशंटचं काय होईल कळलं ना? म्हणून तुकडे दोन बाटल्यांत जातात. फॉर्मालिनमधले पॅथॉलॉजीला, सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा (पेशींचे पुंजके) बघायला. सलाइनमधले टीबीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायला) आणि जीनएक्स्पर्टला (जंतूच्या जनुकांच्या झटपट तपासणीला). फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर कशाचं करणार? आणि आपल्याकडे औषधांना न जुमानणारा टीबी इतका आहे की कोणतं औषध लागू पडेल हे या तपासण्यांवरूनच कळतं. सलाइनची बाटली रेंगाळू द्यायची नाही, त्याच सकाळी लॅबला.

तेव्हा रोज केस सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाटल्या मांडून ठेव. फॉर्मालिन १० टक्क्यांचं, तुकड्याच्या दहापट तरी. नाव आणि जागा बाटलीच्या अंगावर लिहायची, झाकणावर नाही. लॅबमध्ये चार झाकणं एकदम उघडली की कोणाचं आतडं कोणाचं ते देवालाही सांगता येत नाही. एका खाजगी ठिकाणी, नाव नको, सीकमचा आणि रेक्टमचा तुकडा असा अदलाबदल झालेला मी पाहिलाय. पेशंटची परत तयारी, परत स्कोप.

एकाच फोर्सेपने दोन्ही बाटल्यांत तुकडे टाकायचे असतील तर सलाइनची बाटली आधी. फोर्सेपचा जबडा फॉर्मालिनमध्ये बुडवलास की तो परत आत जातो, हे विसरू नकोस. फोर्सेप निर्जंतुकच हवा, नुसता सायडेक्समधला नाही. स्कोप अस्तराला टेकतो, फोर्सेप ते तोडतो, म्हणून दोघांचे नियम वेगळे. देण्याआधी हातातच उघडझाप करून बघ, जबडे नीट मिळतायत ना.

कॉटरी. करंट परत न्यायची प्लेट मांडीच्या मांसल भागावर, कोरड्या त्वचेवर, पूर्ण चिकटलेली. पेसमेकर, सांध्यातलं लोखंड विचारून घे. आपल्या बायका मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढायला नाखूश असतात. बळजबरी करू नकोस, आधीच बाहेर नातेवाइकांसमोर समजावून काढून घे, पिशवीत घालून त्यांच्याच हातात दे. टेबलवर मागितलंस तर रडारड होते. निघतच नाही ते सरांना सांग.

स्नेअर (पॉलिप, म्हणजे आतड्यातली मांसाची वाढ, कापायचा तारेचा फास) उघडून, बंद करून बघ. आणि बंद करताना तार प्लास्टिकच्या नळीत जेमतेम शिरते त्या क्षणी हॅण्डलवर पेनाने खूण कर. पॉलिप फाशात आला की ती खूण तुला सांगते किती मांस आत आहे. सर 'क्लोज' म्हणतील आणि तू खुणेच्या अलीकडेच अडलीस तर तसं बोल, 'सर, जाड आहे'. एक सेंटिमीटरच्या आतले पॉलिप हल्ली बरेच डॉक्टर करंट न देता नुसत्या स्नेअरने काढतात, तेव्हा करंटचं पॅडल पायाजवळ नको, बाजूला सरकव.

आणि पेशंटने तयारीला काय घेतलं ते विचार. मॅनिटॉल सांगितलं तर सरांना तिथल्या तिथे सांगायचं. मॅनिटॉलवर आतड्यातले जंतू हायड्रोजन करतात आणि करंटची ठिणगी पडली की तो पेट घेतो. १९७९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी पॉलिप काढताना आतडं फुटून पेशंट गेल्याची केस छापली होती, ती यामुळेच. अर्धवट तयारीच्या, नुसत्या एनिमा दिलेल्या पेशंटलाही तोच धोका.

आतडं फुगवायला हवेऐवजी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरता का तुम्ही?

नवी_टेक्निशियन

हो, सरांनी याच वर्षी घेतलं. नंतर पोट कमी दुखतं म्हणतात.

परळची_सिस्टर

म्हणतात ते बरोबर आहे, तो वायू आतड्यातून लवकर शोषला जातो. पण त्याची पाण्याची बाटली वेगळी असते, आणि लाइट सोर्सवरचा हवेचा पंप बंद करायचा असतो. पंप चालूच राहिला तर सीओटूच्या जोडीला साधी हवाही आत जात राहते आणि सरांना वाटतं आपण सीओटू देतोय. बाऊलची परीक्षा अशा वेळी सीओटूवरच कर. सिलिंडर करड्या रंगाचा. काट्यावर दाब किती ते बघ, आणि त्याचा पाना सिलिंडरलाच साखळीने बांध. दुसरा सिलिंडर भरलेला आहे पण पाना ओटीवाल्यांनी नेलाय, अशी वेळ येतेच.

स्कोप आत असताना लाइट गेली तर? तुमचा टॉवर यूपीएसवर असेलच, तरी विचार करून ठेव. चित्र गेलं की नॉबचे ब्रेक सोडायचे, टोक सरळ होऊ द्यायचं आणि स्कोप सावकाश बाहेर. ते डॉक्टरांचं काम, पण ब्रेकची आठवण तू करून दे. झेनॉनचा दिवा असेल तर त्याचे तास मशीनवर दिसतात, साधारण ५०० झाले की बदलायचा. आजच बघ किती झालेत.

नवी_टेक्निशियन

४८७! आणि कपाटात नवा दिवा नाही.

स्कोप_दुरुस्ती

मग उद्या दुकान उघडल्या उघडल्या मागवा, सोमवारच्या आत हातात पाहिजे. दिवा मशीन थंड झाल्यावरच बदलायचा, काचेला बोट लावायचं नाही, आणि बदलल्यावर तासांचा आकडा शून्यावर आणायचा. झडपही त्याच ऑर्डरमध्ये घाला, दोन मागवा. मात्र स्कोपचा मॉडेल नंबर बघून. झडपा दिसायला सगळ्या सारख्या, पण कंपनी आणि मालिकेप्रमाणे वेगळ्या. चुकीची बसते, बसल्यासारखी वाटते आणि गळत राहते. नवी आली की परत बाऊलमध्ये, बोट काढून.